फोटोत टॉवर नको

माजिवड्यात बैल दिसला की माणसं आधी मोबाइल काढतात आणि मग बाजूला होतात. बैल पायी येत नाही, पिकअपमध्ये उभा राहून येतो. पायाखाली गवताचा जाड थर, पाठीवर झूल, शिंगांना रंग, मानेवर हात ठेवून उभी असलेली दोन पोरं आणि मागोमाग एक पांढरी स्कॉर्पिओ. तिच्या मागच्या काचेवर बैलाचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली मालकाचं जरा लहान अक्षरांत. पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रोड आणि जुना आग्रा रोड जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, त्या नाक्यावर ही वरात थांबते. वर उड्डाणपूल, बाजूला मेट्रोचे खांब, समोर मॉल. रिक्षावाले माना वळवतात, बसच्या खिडक्यांतून हात बाहेर येतात, डिलिव्हरीवाला पोरगा हेल्मेटची काच वर करतो. बैल कोणाकडेच बघत नाही. सिग्नल हिरवा झाल्यावरही मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, ही माजिवडा नाक्यावरची अतिदुर्मीळ घटना मी केवळ बैलाच्या कृपेने पाहिली आहे.

नव्याने राहायला आलेल्यांना प्रश्न पडतो की इथे बैल कुठून आला. खरं तर बैल इथलाच, टॉवर मागाहून आले. माजिवडा, बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही आगरी-कोळ्यांची गावं. भात, मीठ आणि खाडीची मासळी यांवर जगलेली. शेतं गेली आणि तिथे तीस-तीस मजले उगवले. मधल्या बेचक्यांत गावठाणं मात्र तशीच आहेत. देऊळ आहे, ओटे आहेत, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी अंगणात शिरावं लागेल अशा गल्ल्या आहेत. अशा गावात बैलाला काय काम? नांगराला जमीन नाही, गाडीला ओझं नाही. हिशेबाने पाहिलं तर तो कधीच नाहीसा व्हायला हवा होता. झालं उलटंच. जमिनीचे पैसे आले आणि त्या पैशांतून थेट माणदेशातला खिल्लार आला, लाखांत किंमत मोजून. शेती करणाऱ्या आजोबांच्या सबंध गोठ्यापेक्षा शेती न करणाऱ्या नातवाचा एक बैल महाग आहे. आजोबांचा बैल पेंढा खायचा. नातवाचा बैल दूध, अंडी, उडीद खातो, त्याला मालिश होतं आणि तो पोहायलाही जातो. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या लोकांच्या तब्येतीकडे इतकं लक्ष कोणी देत नाही.

आमचा फोटोवाल्यांचा एक गट आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका, आयटीतली दोन मुलं, दातांच्या एक डॉक्टर बाई आणि मी. रविवारी पहाटे निघायचं, कल्याण ओलांडून मलंगगडाच्या बाजूला किंवा पनवेलकडे जायचं, आणि जिथे शर्यतीचं मैदान भरलं असेल तिथे कडेला गाडी लावायची. काकांची लेन्स इतकी लांब आहे की ते कोणाशी बोलायला वळले की मागची दोन माणसं आपोआप खाली वाकतात. गटाचे नियमही काकांचेच. फेटा हवा, हेडफोन नको. धूळ हवी, धूळ उडवणारी गाडी नको. चेहऱ्यावर सुरकुत्या हव्यात, सुरकुत्यांवर गॉगल नको. पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नेत्यांचे बॅनर, विजेच्या तारा वर्ज्य. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे फोटोत टॉवर नको. मलंगगड चालेल. गड जुना आहे, गड शोभतो. त्यामुळे काका मैदानाला तीन-तीन प्रदक्षिणा घालतात आणि अखेर अशी एक जागा शोधून काढतात जिथून एकविसावं शतक अजिबात दिसत नाही. तिथे बहुधा शेण असतं.

मैदानावर आम्हा पाचांत खरा मान एकट्या डॉक्टर बाईंना मिळाला. शर्यतीच्या जगात बैलाची इयत्ता दातांवर ठरते. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. गट त्यावरच पडतात. वयावरून वाद होतात, आणि वाद झाला की बैलाचं तोंड उघडलं जातं. डॉक्टर बाई दातांच्या डॉक्टर आहेत असं कोणीतरी बोलून गेलं मात्र, एका शेठने त्यांना हाताला धरल्यासारखं अदबीने नेलं, स्वतः बैलाचा खालचा ओठ दुमडून धरला आणि म्हणाले, “मॅडम, तुमीच सांगा, दुसा हाय का नाय?” बाईंनी वाकून नीट पाहिलं. दोन दात रुंद, पांढरे, नवे, बाजूचे बारीक आणि झिजलेले. त्या म्हणाल्या, “दोन आलेत. आणि हिरड्या छान आहेत.” हिरड्यांचं कौतुक शेठच्या काळजाला भिडलं. त्या दिवसापासून आमच्या गाडीला मैदानाच्या आत जागा मिळते. काकांची लेन्स जे कधी करू शकली नाही ते दोन दातांनी केलं.

आमच्या बाजूच्या शर्यतीला बिनजोड म्हणतात. दोनच गाड्या, समोरासमोरचं आव्हान. गाडी म्हणजे नुसता छकडा. दोन चाकं, मधे लाकूड, वर एक माणूस. दोन बैल पुष्कळदा दोन वेगळ्या मालकांचे असतात आणि त्यांची जोडी जमवण्याला पैरा म्हणतात. एक डाव्या खांद्याला पळणारा हवा, एक उजव्या. दोन्ही खांद्यांना पळतो त्याचा भाव वेगळा. पैरा जमवण्याच्या बैठका मी ऐकल्या आहेत. मुलीकडचे आणि मुलाकडचे इतक्या बारकाईने बोलत नाहीत.

मग गाड्या सुटायच्या रेषेवर जातात. बैलांना धरून ठेवणारे पाच-सहा जण, दाव्यांना लोंबकळलेले. झेंडी पडते, पोरं बाजूला उड्या मारतात आणि पुढचं सगळं डोळ्यांना दिसण्याआधी छातीत ऐकू येतं. फोटोवाल्याला हाताशी मिळतात ते काही श्वास. त्यात बैलाचा डोळा फोकसमध्ये यायला हवा, चारही खूर हवेत असायला हवेत, धूळ मागे असायला हवी आणि मधे कोणी मोबाइल धरून उडी मारता कामा नये. उडी मारतोच. माझ्याकडे अनोळखी माणसांच्या कोपरांचा एक उत्तम संग्रह आहे.

एकदा मात्र कोपर आलं नाही. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्यात बैलांपेक्षा ड्रायव्हरच जास्त होता. वीस-बावीस वर्षांचा, काटकुळा, अनवाणी. एक पाय लाकडावर, दुसरा हवेत. डाव्या हाताला कासरा दोनदा गुंडाळलेला आणि त्या वेढ्यांच्या मधे फुगून वर आलेलं मनगट. तोंड उघडं, पुढचे दात धुळीने तपकिरी. डोळे बैलांवर नव्हतेच. शेजारच्या गाडीवर होते, फक्त बुबुळं तिकडे वळलेली. जिंकला तर बैल जिंकतो, मालक जिंकतो, गाव जिंकतं. लाउडस्पीकरवरचा निवेदक पहिल्यांदा बैलाचं नाव घेतो, मग शेठचं, मग गावाचं. शर्यतीचा नाद असलेल्यांना ड्रायव्हरचं नाव ठाऊक असतं, त्यातले काही तर या जगातले हीरोच. जिंकल्यावर लागणाऱ्या बॅनरला मात्र ते ठाऊक नसतं.

जनावराला नाव आणि माणूस बेनाव, हा हिशेब पळत्या जनावरांच्या फोटोंच्या जन्मापासूनचा असावा. एडवर्ड माय्ब्रिज या गृहस्थाने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने बारा कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात हे जगाला दाखवलं. आपण सगळे पळत्या जनावराचे फोटोवाले त्याच्याच घराण्यातले. पुढे १८८७ मध्ये त्याने हालचालींच्या फोटोंचा प्रचंड संग्रह छापला. त्यात अॅनी जी. नावाची एक घोडी दौडते आहे आणि तिच्यावर एक काळा स्वार बसलेला आहे. घोडीचं नाव नोंदलेलं आहे. स्वाराचं नाही. सिनेमाचा इतिहास सांगणारे लोक आजही ती चित्रमाला दाखवतात. घोडी तर अमर झाली, आणि तिच्या पाठीवरचा माणूस शंभराहून अधिक वर्षं फोटोत असूनही कोणाच्या लेखी तिथे नव्हता.

अमेरिकेतल्या काळ्या काउबॉयची सगळी कहाणीच अशी आहे. आपल्या पिढीने काउबॉय पाहिला तो सिनेमात. गोरा, उंच, डोळे बारीक करून बोलणारा. इतिहासकारांचा अंदाज असा की गुरांचे तांडे हाकणाऱ्या त्या काळातल्या काउबॉयांपैकी चारातला एक काळा असावा. यादवी युद्धाच्या आधी टेक्सासात गुलामांकडूनच गुरं राखून घेतली जात. युद्ध संपलं, गुलामी सुटली, आणि जे काम येत होतं तेच त्यांनी मजुरीवर धरलं. नॅट लव्ह हा त्यांतला एक. गुलाम म्हणून जन्मला, पुढे काउबॉय झाला आणि १९०७ साली त्याने आत्मचरित्र छापलं. त्यातला त्याचा फोटो बघण्यासारखा आहे. केस खांद्यापर्यंत, हातात रायफल, पायाशी खोगीर. फोटो कसा काढून घ्यावा हे ज्याला कळतं अशा माणसाचा तो फोटो आहे. हॉलिवूडने पुढे ही सगळी मंडळी चौकटीबाहेर ठेवली. काळा काउबॉय नको, हा त्यांचा नियम. आमच्या काकांच्या टॉवरसारखाच, फक्त पुष्कळ जास्त महागात पडलेला.

काळा काउबॉय बिल पिकेटची गोष्ट तर आमच्या नाक्यावरच्या बॅनरवाल्यानेही कान पकडावा अशी. जन्म १८७०, टेक्सास. धावत्या घोड्यावरून बैलाच्या अंगावर झेप घ्यायची, शिंगं धरून मान पिरगाळायची आणि त्याच्या वरच्या ओठाचा चावा घेऊन त्याला आडवा करायचा, हा प्रकार त्याने काढला. चावा आता कोणी घेत नाही, पण बैलाला शिंगांनी धरून पाडणं हा आजही रोडिओ या काउबॉयांच्या स्पर्धांतला एक ठरलेला खेळ आहे. १९३२ मध्ये घोड्याच्या लाथेने तो गेला. १९७१ साली रोडिओच्या मानकऱ्यांत त्याला जागा मिळाली, तिथे पोचलेला तो पहिला काळा माणूस. मग १९९४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने पश्चिमेकडच्या थोर व्यक्तींची तिकिटं काढली, त्यात बिल पिकेटही घेतला. तिकिटं छापून तयार झाली आणि लक्षात आलं की चित्र त्याचं नाहीच, त्याच्या भावाचं आहे. छापलेली तिकिटं मागे घेऊन नवी छापावी लागली. त्यातली दीड लाख चुकीची पानं पुढे सोडत काढून हौशी संग्राहकांना विकली गेली. इतकी वर्षं चौकटीबाहेर ठेवून अखेर मानाने आत बोलावलं, तर आत आला भाऊ!

१९८४ साली लू व्हेसन या माणसाने डेन्व्हरला काळ्या काउबॉयांचा रोडिओ सुरू केला. नाव अर्थातच बिल पिकेटचं. तो आजही गावोगाव फिरतो. ओक्लाहोमातल्या ओकमल्गीचा रोडिओ त्याहून जुना, १९५६ पासूनचा. आयव्हन मॅक्लेलन हा फोटोग्राफर तिथे २०१५ साली गेला आणि मग वर्षानुवर्षं हेच फोटो काढत राहिला. ‘एट सेकंड्स’ हे त्याचं पुस्तक २०२४ मध्ये आलं. उधळलेल्या बैलावर स्वाराला तग धरायचा असतो तो आठ सेकंद. मॅक्लेलनच्या फोटोंत जुनाट तपकिरी रंग नाही, उसासे नाहीत. बास्केटबॉलच्या चड्ड्या आणि भारी स्पोर्ट्स शूज घालून घोड्यावर बसलेली पोरं आहेत, गळ्यांत सोन्याच्या साखळ्या आहेत, लांब नखं रंगवून पिंपांना वळसे घालत घोडा फेकणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या वेण्या वाऱ्यावर आहेत. आमच्या काकांनी यातला एकही फोटो काढला नसता. सोन्याची साखळी दिसली की काका कॅमेरा खाली करतात. ठाण्या-पनवेलच्या शर्यतीत हे धोरण ठेवलं तर कॅमेरा वर करायला जागाच उरत नाही, हा भाग वेगळा.

घोड्यावरचा काळा माणूस आपल्याकडे नवलाचा नव्हताच मुळी. हबशी मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याच्या घोडदळाने, मराठा स्वारांना बरोबर घेऊन, मोगलांना इतकं दमवलं की जहांगीर बादशहाने शेवटी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं अंबरच्याच खांद्यांवर १६२६ पर्यंत सुखरूप राहिलं, आणि तो म्हातारा होऊन मेला. मैदानात जमलं नाही ते कागदावर उरकून घ्यायचं, हा उद्योग फोटोशॉपच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीचा आहे. मुरूडच्या समुद्रात जंजिरा आजही उभा आहे, अंबरसारख्याच हबशी सिद्दींचा, आणि त्याच किनारपट्टीवर वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. तिथे जाऊन किल्ला मागे ठेवून फोटो काढायचं काकांच्या मनात आहे. किल्ला चालतो. किल्ला जुना आहे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही मैदानावर उभं राहिलं की कळतं. बैलाचा फेस मी जवळून पाहिला आहे. मॅक्लेलनच्या फोटोंतल्या रोडिओलाही जनावरांचा कळवळा असलेले लोक प्रश्न विचारतात आणि ते विचारायलाच हवेत. आपल्याकडे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. कारणं खोटी नव्हती. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं, काठ्या, सगळं चालायचं. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीच्या काळात शर्यती थांबल्या होत्या असं छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही. आडबाजूच्या माळावर, पहाटे, निरोपानिरोपी करून व्हायच्या. तेव्हा मैदानावर कॅमेरा दिसला तर माणसं अंगावर धावून यायची, कारण फोटो म्हणजे पुरावा. आता नियमच असा की धावपट्टी हजार मीटरपेक्षा जास्त नको, काठी नको, डॉक्टरांची तपासणी हवी, क्रूरता केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि सबंध शर्यतीचं चित्रीकरण करून ते सरकारदरबारी द्यायचं. ज्या मैदानावरून फोटोवाल्याला हाकलायचे तिथेच आता फोटोवाल्याशिवाय परवानगी नाही. बैलगाडा शर्यतीचा सगळ्यांत मोठा, सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत खरा चित्रसंग्रह आज कुठल्या तरी सरकारी कपाटात साठत असणार. त्यात टॉवर असतील, खुर्च्या असतील, गॉगल असतील, कोपरं तर असणारच. भावी इतिहासकाराने आमच्या गटाकडे येऊ नये, थेट त्या कपाटाकडे जावं.

तशी गरजही नाही म्हणा. आम्ही ज्यांची ‘नोंद’ करायला पहाटे उठून जातो, ते लोक स्वतःची नोंद आमच्या दसपट जोरात करत असतात. ड्रोन डोक्यावर घोंघावत असतो. निकालाच्या रेषेवर कॅमेरा रोवलेला असतो आणि घासून गाड्या आल्या की पंच त्यात बघून निर्णय देतात. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असतं. बैलांची इन्स्टाग्रामवर खाती आहेत. बकासूर नावाच्या बैलाला ओळखणारी माणसं आमच्या आमदारांना ओळखणाऱ्यांपेक्षा कमी नसावीत. बक्षिसांचं म्हणाल तर २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या शर्यतीला पहिलं बक्षीस जेसीबी होतं. शेतीच्या जनावराने जमीन खणायचं यंत्र जिंकून आणावं, यात विनोद आहे की वर्मावर बोट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या ओळखीच्या त्या हिरड्यांवाल्या शेठचा गोठा माजिवड्याच्या गावठाणातच आहे. एका सकाळी त्यांनी फोटोला बोलावलं. बैल दारात बांधलेला, मागे बरोबर त्याच्या वशिंडातून उगवल्यासारखा बत्तीस मजल्यांचा टॉवर. काकांनी कपाळाला हात लावला. मग ते जमिनीवर बसले, मग आडवे झाले, मग शेजारच्यांच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर चढले, आणि तासाभराच्या खटपटीने असे काही फोटो काढले की बघत राहावं. बैल, आभाळ, एक पिंपळाची फांदी. माजिवडा की मोहेंजोदडो, कळू नये. आयटीतल्या एका मुलाने तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो खेचला होता. गॉगल लावलेले शेठ, एक हात बैलावर, दुसरा स्कॉर्पिओच्या बॉनेटवर, गळ्यात दोन पदरी साखळी, मागे तो टॉवर नखशिखांत.

शेठने सगळे फोटो शांतपणे पाहिले. काकांचे पाहून “झकास” म्हणाले. ते अगदी मनापासून होतं. मग विचारलं, “पन ह्यान टावर कुठं गेला?”

काका म्हणाले, “तो मुद्दाम टाळलाय. आपलं पारंपरिक वाटायला हवं ना.”

“अवो, तो टावर आमच्याच शेतान हाय,” शेठ म्हणाले. “माज्या बापाने तिथं भात लावलाय. बैल त्याच्याच पैशाचा. त्याला कशाला हाकलता?”

काका काही बोलले नाहीत. बॅनर लागला तो मोबाइलवरच्या फोटोचा, आडवा, बारा फुटी, बैलाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांसकट. कडेने शुभेच्छुकांचे तीस-चाळीस गोल चेहरे. टॉवर पूर्ण आला होता, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसह. खरं सांगायचं तर आमच्या गटाने आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत माजिवड्याचा म्हणावा असा तो एकच.

बॅनरवर शेठची गाडी हाकणारा तो अनवाणी ड्रायव्हर नव्हता. ते विचारायला मी त्याला गाठलं तेव्हा तो गोठ्यामागे टोपात उडीद भिजवत बसला होता. त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट त्यालाच माझ्याकडे काम होतं. मी काढलेला तो फोटो, अनवाणी पायाचा, तपकिरी दातांचा, मोठ्या कौतुकाने त्याला दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

“दादूस, भारी हाय. पन ह्यातून बैल कारून दे ना.”

“बैल काढू? मग राहिलं काय?”

“मी हाय ना. लग्नाच्या बायोडाट्याला पायजे. पोरीकरचे इचारतात, मुलगा काय करतो. बैल दिसला का पुढं बोलतच नाय कोन.” मग जरा थांबून म्हणाला, “आनि मागं तो टावर टाकता येईल तर बघ. कामाला तिथं हाय म्हनून सांगतो.”

ते काम सध्या नाक्यावरच्या बॅनरवाल्याकडे आहे. बैल निघाले, टॉवर बसला, पायांत बूटही घातले. डाव्या मनगटावरचा कासरा तेवढा निघत नाही. तिथे घड्याळ बसवू का, असं तो विचारतोय.